ज्याने बोलावले, त्यानेच घरी पोचवावे

अमेरिकेत नोकरकपात झाली की तिचे हादरे हैदराबादेत बसतात, हे आता नवीन राहिलेले नाही. २००१ साली डॉटकॉम कंपन्यांचा फुगा फुटला तेव्हा ते प्रथम जाणवले, २००८-०९ च्या मंदीत पुन्हा जाणवले. नोव्हेंबर २०२२ ते जानेवारी २०२३ या तीन महिन्यांत तर मेटाने ११ हजार, अ‍ॅमेझॉनने १८ हजार, गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. एकेकाळी काचीगुडा, सुलतान बाजार, गौलीगुडा या भागांत एकवटलेला आपला समाज आज मियापूर-कोंडापूरपर्यंत पसरला आहे आणि त्याची पुढची पिढी टेक्सास, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियात. त्यामुळे तिकडचा एक ई-मेल इकडच्या घरातल्या आजी-आजोबांची झोप उडवतो.

अशा वेळी घरात चर्चा होते ती व्हिसाची, घराच्या कर्जाची, नातवंडांच्या शाळेची. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. ज्या कंपनीने स्वतःच्या गरजेपोटी, स्वतःच्या सहीने या मुलाला सातासमुद्रापार बोलावून घेतले, तिने त्याला मुदतीआधी काढून टाकले तर त्याला घरी पोचवण्याचा खर्च कोणी करायचा? आपल्याकडे सर्रास समजूत अशी की, तो ज्याचा त्याने करायचा. ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेचा कायदा स्वच्छ शब्दांत म्हणतो की, हा खर्च मालकाने करायचा. हा हक्क कागदावर आहे, पण तो मागणारे थोडे आणि न मागता देणारे त्याहून थोडे. म्हणून या अंकात हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

कायदा काय सांगतो?

एच-वन-बी हा व्हिसा आजच्या रूपात आला तो १९९० च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने. हा व्हिसा माणसाला मिळतो, पण त्यासाठी अर्ज करते कंपनी. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार अशी त्याची मर्यादा आहे. मंजूर होणाऱ्या अर्जांत, नूतनीकरणे धरून, सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा अलीकडच्या वर्षांत भारतीयांचा राहिला आहे. म्हणजे या कायद्यातले प्रत्येक कलम सर्वांत जास्त कोणाला लागू पडत असेल, तर ते आपल्याला.

याच कायद्यात म्हटले आहे की, एच-वन-बी वर आलेल्या कर्मचाऱ्याला त्याच्या मंजूर मुदतीपूर्वी मालकाने काढून टाकले, तर त्याच्या परतीच्या प्रवासाच्या वाजवी खर्चाची जबाबदारी मालकावर राहील. परत म्हणजे कोठे, याचाही खुलासा नियमांत आहे: कर्मचाऱ्याचे अमेरिकेबाहेरचे शेवटचे वास्तव्य जेथे होते तेथे. हैदराबादहून गेलेल्याला हैदराबादपर्यंतचे भाडे मिळाले पाहिजे, न्यूयॉर्कहून दिल्लीपर्यंतचे देऊन भागत नाही. ज्याने पहिल्यांदा बोलावले त्याच मालकावर ही जबाबदारी असते असेही नाही. ज्या मालकाच्या नोकरीच्या आधाराने व्हिसाचा दर्जा मिळाला किंवा पुढे चालू राहिला, त्या प्रत्येक मालकाला ती लागू आहे. मुलाने मध्ये कंपनी बदलली असेल तर शेवटच्या कंपनीने हात झटकून चालणार नाही.

काढण्याचे कारण काय, याला येथे महत्त्व नाही. मंदी आली, प्रकल्प गेला, काम पसंत पडले नाही, काहीही असो. मालकाने काढले की भाडे लागू. अपवाद एकच आणि तो नीट लक्षात ठेवावा. कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा दिला तर हा हक्क उरत नाही.

आणि गोम येथेच आहे. कपातीच्या वेळी मनुष्यबळ विभागातील गोड बोलणारी माणसे सुचवतात की, "काढले" असा शिक्का बसण्यापेक्षा आपणच राजीनामा द्यावा, पुढच्या नोकरीला ते बरे दिसते. भांबावलेला मुलगा सही करतो आणि त्या एका सहीने कायद्याने दिलेला हक्क गमावून बसतो. आपल्या घरांतून तिकडे सांगायला हवी अशी पहिली गोष्ट हीच की, काढले असेल तर काढल्याचे पत्र घ्या. दुसऱ्याच्या सोयीसाठी राजीनामा लिहून देऊ नका.

दात कोठे आहेत, कोठे नाहीत

हा नियम मोडला तर काय होते, हे पाहिले म्हणजे कायदा करणाऱ्यांचे मन किती अर्धे होते ते कळते. नियमात लिहिले आहे की, मालकाने भाडे दिले नाही असे कर्मचाऱ्यास वाटल्यास त्याने स्थलांतर खात्याच्या संबंधित केंद्राला लेखी कळवावे. आणि ते खाते काय करणार? ती तक्रार त्या अर्जाच्या फायलीत लावून ठेवणार. नियमाचे वाक्य तेथेच संपते. आपल्या सरकारी कचेऱ्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना फायलीत लावून ठेवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

तरीही कायदा अगदीच बोथट नाही. त्याचे खरे दात दुसऱ्या खात्यात आहेत. अमेरिकेच्या श्रम खात्याच्या नियमांप्रमाणे एच-वन-बी कर्मचाऱ्याला काम नाही म्हणून बिनपगारी बसवून ठेवता येत नाही, पगार चालूच ठेवावा लागतो. ही जबाबदारी संपते ती मालकाने त्याला खऱ्या अर्थाने आणि रीतसर कामावरून कमी केले तरच. रीतसर म्हणजे काय, याचे तीन भाग श्रम खात्याच्या अपील मंडळाने २००६ साली एका प्रकरणात सांगितले: कर्मचाऱ्याला स्पष्ट कळवणे, स्थलांतर खात्याला कळवणे आणि परतीच्या भाड्याची तयारी दाखवणे. यातले एखादे पाऊल गाळणारा मालक व्हिसाच्या मुदतीपर्यंतच्या पगाराचा देणेकरी ठरू शकतो. एका तिकिटाची बचत करताना कित्येक महिन्यांचा पगार अंगावर येऊ शकतो, हे एकदा मालकाला कळले की भाडे आपोआप निघते. मात्र श्रम खात्याकडची तक्रार नियमभंगापासून बारा महिन्यांच्या आत करावी लागते. इकडे येऊन वर्षभराने जाग आलेल्याच्या हाती काही लागत नाही.

आता या कायद्यात काय नाही तेही पाहू. त्यात पत्नी नाही, पती नाही, मुले नाहीत. भाडे फक्त कर्मचाऱ्याचे. वास्तविक पत्नी आणि मुले त्याच्याच व्हिसाच्या आधाराने तेथे राहतात. त्याचा दर्जा संपला की त्यांचाही संपतो. कायदा जा म्हणतो चौघांना आणि भाडे देतो एकाचे, हा कोठला न्याय? सामानसुमान परत आणण्याचा खर्चही त्यात नाही.

त्यात एल-वन व्हिसाही नाही. भारतातल्या कंपनीने स्वतःच्या अमेरिकेतल्या शाखेत बदली करून पाठवलेला कर्मचारी या व्हिसावर जातो. हायटेक सिटीतील अनेक कचेऱ्यांतून अशी माणसे दर वर्षी जातात. त्यांना भाडे मिळाले तर ते कंपनीच्या धोरणाने किंवा करारातल्या कलमाने, कायद्याने नव्हे. शिक्षण संपवून विद्यार्थी व्हिसाच्या प्रशिक्षण मुदतीत काम करणाऱ्या मुलामुलींच्या वाट्यालाही हा हक्क येत नाही. त्यांना बेकारीचे एकूण नव्वद दिवस मिळतात आणि मग परतीची वाट, तीही स्वखर्चाने.

गंमत अशी की, त्याच अमेरिकेत शेतीच्या हंगामी कामासाठी येणाऱ्या मजुरांचे नियम याबाबतीत अधिक काळजीपूर्वक केलेले आहेत. कराराची मुदत संपली किंवा कारण नसताना काढले, तर मालकाने परतीचे भाडे आणि वाटेतला जेवणाखाण्याचा खर्चही द्यायचा. ते मजूर मुख्यतः मेक्सिकोतून येतात. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संघटना आहेत, वकील आहेत, चळवळी आहेत. आपला संगणक अभियंता शिकलेला आहे, इंग्रजी बोलतो, चांगले कमावतो; म्हणून त्याला कोणाची गरज नाही असे सर्वांनी धरले आणि त्याने स्वतःही धरले. संघटनेशिवाय राहण्याची ही किंमत आहे.

साठ दिवसांचे गणित

१७ जानेवारी २०१७ पूर्वी नोकरी गेली की त्याच दिवशी व्हिसाचा दर्जा संपल्यासारखा होई. त्या दिवशी लागू झालेल्या नियमाने जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत दिली. त्या मुदतीत नवी नोकरी शोधावी, दुसऱ्या दर्जासाठी अर्ज करावा किंवा देश सोडावा. व्हिसाची मुदतच त्याआधी संपत असेल तर सवलतही तेवढीच. साठ दिवसांत घराचा करार मोडायचा, गाडी विकायची, मुलांचे दाखले काढायचे आणि त्याच वेळी मुलाखती द्यायच्या. ज्याच्यावर ही वेळ आली असेल त्यालाच ते कळेल.

येथे एक इशारा द्यायला हवा. परतीचे भाडे हा हक्क आहे, हुकूम नव्हे. काही ठिकाणी "हे तिकीट, ही तारीख, निघा" अशा भाषेत ते पुढे केले जाते आणि मुलगा घाबरून निघून येतो. साठ दिवस त्याचे आहेत. त्या काळात नवी नोकरी लागली तर त्याला परतावे लागत नाही, मग भाड्याचा प्रश्नही उरत नाही. देशाबाहेर पडण्याचा निर्णय पूर्वीइतका साधा राहिलेला नाही, हेही ध्यानात असावे. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या जाहीरनाम्याने, देशाबाहेर असलेल्या व्यक्तीसाठी नवा एच-वन-बी अर्ज करणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलरचा बोजा टाकला. आत असलेल्याला नोकरी देणे आणि बाहेर गेलेल्याला पुन्हा बोलावणे यांत त्या दिवसापासून केवढे अंतर पडले, ते या आकड्यावरून दिसते. म्हणून तिकीट हाती पडताच विमानतळ गाठण्याआधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

आखात आणि समुद्र

परतीच्या भाड्याचा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. आपल्याच राज्यातील निजामाबाद, करीमनगर, जगित्याल, सिरिसिल्ला या भागांतून आखातात जाणारा माणूस हे ओझे आपल्या अभियंत्याच्या कितीतरी आधीपासून वाहतो आहे. कायदे तेथेही आहेत. सौदी अरेबियाच्या श्रम कायद्याच्या चाळिसाव्या कलमाप्रमाणे नोकरी संपल्यावर मायदेशी परतण्याचे तिकीट मालकाने द्यायचे. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यातही, कामगार दुसऱ्या मालकाकडे गेला नसेल आणि दोष त्याचा नसेल तर, परत पाठवण्याचा खर्च मालकावर आहे. पण मालकच बुडाला तर? २०१६ मध्ये सौदीतील एक बडी बांधकाम कंपनी डबघाईला आली, पगार थांबले आणि जेद्दाहच्या छावण्यांत हजारो भारतीय अन्नाला महाग झाले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांना वकिलातीमार्फत अन्न पोचवावे लागले, राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांना तेथे जावे लागले. कायद्यातले कलम तसेच होते. द्यायला मालक उरला नव्हता.

या अडचणीवर उत्तर शोधले ते समुद्रावरच्या कामगारांनी. गोव्यात आणि कोकणात आपले नातेसंबंध असलेल्या वाचकांना हे माहीत असेल. जहाजावरच्या खलाशाला परत पोचवण्याची जबाबदारी जहाजमालकाची, हे तत्त्व २००६ च्या सागरी श्रम करारात आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्या कराराची सुधारणा १८ जानेवारी २०१७ पासून अमलात आली. तिच्यानुसार जहाजमालकाला आधीच विम्यासारखी आर्थिक हमी घेऊन ठेवावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र जहाजावर लावावे लागते. मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर या हमीतून परतीचा प्रवास आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळतो. मालक दिवाळखोर निघाला तरी माणूस घरी पोचतो. जे जहाजावर जमते ते जमिनीवर का जमू नये, हा आमचा प्रश्न आहे.

आणि हे तत्त्व काही आजचे नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची आपली माणसे गिरमिटावर मॉरिशसला गेली, तेव्हा सुरुवातीच्या करारांत मुदतीनंतर परतीच्या प्रवासाची तरतूद होती. मळेवाल्यांना ती जड वाटू लागली आणि शतकाच्या मध्यास ती काढून घेण्यात आली. परतीचे दार मालकाच्या हाती राहिले की काय होते, हे त्या बेटावरच्या मराठी भाषकांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

"त्यांना कशाला हवी दया?"

या विषयावर बोलताना एक आक्षेप आपल्याच माणसांकडून येतो. महिन्याला डॉलरमध्ये हजारोंनी कमावणाऱ्याला एका तिकिटाचे काय एवढे? आणि अमेरिकन माणसाची नोकरी जाते तेव्हा त्याला कोण भाडे देतो?

आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. अमेरिकन माणसाची नोकरी गेली तर त्याला कोणी देश सोड म्हणत नाही. तो आपल्या घरात राहून वर्षभर नोकरी शोधू शकतो. व्हिसावरच्या माणसाचे राहणेच मालकाच्या अर्जाला बांधलेले आहे. ही बांधणी मालकाच्या फायद्याची आहे, कारण बांधलेला माणूस सहज सोडून जात नाही. ज्याने बांधण्याचा फायदा घेतला त्याने सोडण्याचा खर्च द्यावा, एवढाच हा हिशेब आहे. यात दया कसलीच नाही. आणि सर्वच जण बड्या पगाराचे असतात हेही खरे नाही. अमीरपेठेतल्या पाट्या पाहून, तिकडच्या कुठल्याशा कन्सल्टन्सीच्या भरवशावर गेलेली कितीतरी मुले आहेत. त्यांच्यावर शिक्षणाचे कर्ज असते, घरी आईवडिलांनी जागा गहाण टाकलेली असते. त्यांच्यासाठी चौघांचे आयत्या वेळचे विमानभाडे ही लहान रक्कम नाही.

शिवाय परतणारा माणूस मागे काय ठेवून येतो तेही पाहावे. पगाराच्या ६.२ टक्के रक्कम तेथील सामाजिक सुरक्षा करात जाते. तेथील निवृत्तिवेतनाचा हक्क लागायला साधारण दहा वर्षांचा भरणा लागतो. जर्मनी, फ्रान्स, जपान अशा देशांशी भारताने सामाजिक सुरक्षेचे करार केले. अमेरिकेशी वर्षानुवर्षे बोलणी होऊनही तो झालेला नाही. सहा-सात वर्षे भरून परतलेल्याचे ते पैसे तिकडेच राहतात. ज्या देशाने एवढे ठेवून घेतले, तेथील मालकाकडे एका कुटुंबाचे भाडे मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे.

आपल्या अंगणातले काय?

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या अंगणात पाहावे लागते. एक मे २०२० रोजी, टाळेबंदीतली देशातली पहिली श्रमिक रेल्वेगाडी सुटली ती आपल्या लिंगमपल्ली स्थानकातून, झारखंडमधील हटियाकडे. कंदी येथील आयआयटीच्या बांधकामावरचे मजूर पगारासाठी आणि घरी जाण्यासाठी रस्त्यावर उतरले, त्यानंतर दोनच दिवसांनी. कामगार दिनाला, जो आपल्या महाराष्ट्राचाही स्थापनादिन, ती गाडी सुटली हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

त्या वेळी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पुस्तकात होता. परराज्यातून मजूर आणणाऱ्या कंत्राटदाराने जाण्यायेण्याचे भाडे द्यावे आणि प्रवासाच्या दिवसांचा पगारही द्यावा, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो कायदा पाळला गेला असता तर लाखो माणसे डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गांवरून चालत गेली नसती. आता त्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तीतही प्रवासभत्त्याचे कलम आहे. आपल्यातले जे बांधकाम व्यावसायिक आहेत, कारखानदार आहेत, ज्यांच्याकडे मराठवाड्यातून, ओडिशातून, बिहारमधून माणसे येतात, त्यांनी ते कलम वाचावे आणि पाळावे. आपल्या मुलासाठी न्याय आणि दुसऱ्याच्या मुलासाठी नशीब, असा दुहेरी हिशेब आपल्या समाजाला शोभणार नाही.

आमच्या मागण्या

केंद्र सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, अमेरिकेशी व्यापाराच्या किंवा व्हिसाच्या वाटाघाटींत परतीच्या भाड्याचा विषय घ्यावा. त्यात कुटुंबाचा समावेश व्हावा, एल-वनलाही तो नियम लागू व्हावा आणि भाडे किती दिवसांत द्यायचे याची मुदत ठरावी. सामाजिक सुरक्षेचा करारही त्याच टेबलावर मांडावा.

दुसरी, जे आपल्या हातात आहे ते आधी करावे. भारतातून एल-वनवर माणूस पाठवणारी कंपनी बहुधा भारतातच नोंदलेली असते. तिने पाठवलेल्या माणसाला कुटुंबासह परत आणण्याचे कलम नेमणूकपत्रात घालणे आपल्याच कायद्याने सक्तीचे करता येईल. त्यासाठी वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.

तिसरी, प्रवासी भारतीय विमा योजनेत, कामगाराचा दोष नसताना नोकरी मुदतीआधी गेली तर परतीच्या विमानभाड्याची तरतूद आहे. पण ती सक्तीने लागू होते ती ज्यांच्या पारपत्रावर परदेशगमनाची पूर्वपरवानगी लागते त्यांना. दहावी पास झालेला माणूस त्या व्यवस्थेतून बाहेर पडतो, जणू शिकलेल्याची नोकरी जातच नाही. अल्प हप्त्यात ही योजना सर्वांना खुली करावी. वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, अडकलेल्यांच्या प्रवासासाठी तो वापरता येतो. तो कसा मागायचा याची माहिती प्रत्येक वकिलातीने ठळकपणे लावावी. निधीतून दिलेले भाडे नंतर कसूर करणाऱ्या मालकाकडून वसूल करण्याचा पाठपुरावाही वकिलातींनीच करावा. २०२० च्या वंदे भारत मोहिमेत नोकरी गेलेल्यांनीही अमेरिकेहून सुमारे लाख रुपये स्वतःच्या खिशातून मोजले. तसे पुन्हा होऊ नये.

तेलंगण सरकारकडेही एक मागणे आहे. आखातातील कामगारांसाठी राज्याने अलीकडे काही पावले टाकली आहेत, त्यांचे आम्ही स्वागत करतो. त्याच व्यवस्थेत अमेरिका-युरोपातून परतणाऱ्यांसाठी एक खिडकी असावी. मते मागायला पुढारी डल्लासपर्यंत जातात. तिकडून परतणाऱ्याला शमशाबादला कोणी भेटत नाही.

सभासदांनी काय करावे

सरकार हलेल तेव्हा हलेल. तोवर प्रत्येक घराने एवढे करावे. परदेशी असलेल्या मुलामुलींना सांगावे की, नेमणूकपत्र, व्हिसा मंजुरीची सूचना, पगाराच्या चिठ्ठ्या आणि काढल्याचे पत्र यांच्या प्रती कंपनीच्या संगणकाबाहेर स्वतःजवळ ठेवाव्यात. काढले गेल्यास त्याच आठवड्यात परतीच्या भाड्याची मागणी लेखी करावी. नुकसानभरपाईच्या कागदावर सही करण्याआधी, त्यात "यापुढे कोणताही दावा नाही" असे वाक्य आहे का ते पाहावे आणि असल्यास वकिलाला दाखवावे. नव्याने जाणाऱ्यांनी, विशेषतः एल-वनवर जाणाऱ्यांनी, परतीच्या भाड्याचे कलम निघण्याआधीच करारात लिहून घ्यावे. मुहूर्त पाहतो, चिलकूरला प्रदक्षिणा घालतो, तेवढ्याच श्रद्धेने करारही वाचावा.

आपल्या सभासदांत निवृत्त न्यायाधीश आहेत, वकील आहेत, परदेशी वीस-वीस वर्षे काढून आलेले अभियंते आहेत. मंडळाने त्यांची एक लहान सल्ला समिती नेमावी, अशी सूचना आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहोत. परतलेल्या कुटुंबातील मुलांना शाळाप्रवेश मिळवून देणे, भाड्याचे घर पाहून देणे, पहिले तीन महिने पाठीशी उभे राहणे, एवढे जरी तिने केले तरी मोठे काम होईल. वाडवडिलांनी या शहरात विवेकवर्धिनीसारख्या संस्था उभ्या केल्या त्या असल्याच गरजेतून. चाकरीच्या निमित्ताने परक्या मुलखात आलेल्या माणसाला एकट्याने निभावता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

नोकरी जाणे हा गुन्हा नव्हे आणि परत येणे ही नामुष्की नव्हे. ज्याने बोलावले त्याच्याकडून भाडे वसूल करावे, ताठ मानेने यावे. दार उघडे ठेवण्याचे काम आपले आहे.